पाच मोठा की सात

"इथे दुसरं कोणी आहे का?"

अनुजा धुरीला हा प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागायचा. दादर पश्चिमेच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती बारा वर्षं काउंटरला उभी होती. गिऱ्हाईक आत यायचं, मांडलेले लॅपटॉप बघायचं, मग तिच्याकडे बघायचं आणि लगेच मान वळवून वैभवला शोधायला लागायचं. वैभव तिच्याच हाताखाली काम शिकलेला, अठ्ठावीस वर्षांचा, केसांना जेल लावणारा पोरगा. एखादं गिऱ्हाईक जरा सभ्य असलं तर वरून समजूतही घालायचं, "नाही, म्हणजे प्रोसेसरचं विचारायचं होतं." म्हणजे कव्हर नाहीतर माऊस घ्यायचा असता तर तुम्ही चालला असतात.

पहिली दोन वर्षं अनुजाने हसून सांगून पाहिलं, "मला विचारा ना." नंतर तिने हसणं सोडलं. "प्रोसेसर माझ्याकडेच मिळतो," ती म्हणायची. "त्याच्याकडे नुसता जेल मिळतो."

गिऱ्हाईक दुखावायचं, मालक दीपकशेठ केबिनमधून डोळे वटारायचे, आणि अनुजा त्या दोघांकडे पाठ करून पुढचा खोका उघडायला घ्यायची.

तिचा हा राग आजकालचा नव्हता. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत ती वाढली. वडील, शिवा धुरी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद झाली तेव्हा अनुजा सहावीत होती. मग वडील एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाले, आणि अनुजाला बारावी होताच परळच्या एका सायबर कॅफेत काउंटरला बसवण्यात आलं. बारा मशीनं होती तिथे. दुपारपासून कॉलेजची मुलं येऊन एकमेकांना हाका मारत गोळीबाराचे गेम खेळायची. मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला यायला दोन-दोन दिवस लागायचे. एकदा वैतागून अनुजाने स्वतःच एक डबा उघडला, पंख्यातली धूळ पुसली, रॅम काढून परत बसवली, आणि मशीन सुरू झालं. त्यानंतर दुरुस्तीवाला कधी बोलवावा लागला नाही.

कुठला गेम कुठल्या मशीनवर अडकतो आणि का अडकतो, हे तिला वर्षभरात पाठ झालं. सकाळच्या रिकाम्या वेळात ती स्वतः खेळायची. एक दिवस तिने कॅफेतल्या सगळ्यात भारी समजल्या जाणाऱ्या पोराला सलग पाच वेळा हरवलं. तो उठताना म्हणाला, "तुझा माऊस चांगला होता." दुसऱ्या दिवशी त्याला तो माऊस देऊन तिने परत हरवलं. तो पुन्हा कॅफेत आला नाही.

हार्डवेअरच्या कोर्सला ती एकटीच मुलगी होती. सरांनी तिला काम काय दिलं, तर मुलांच्या सर्टिफिकेटांवर नावं लिहिण्याचं, कारण तिचं अक्षर सुंदर. लग्न झालं ते भांडुपला. नवरा चारचौघांत सांगायचा, "ही कॉम्प्युटर क्लासला टाइमपास करते." तीन वर्षांनी ती बॅग घेऊन आईकडे परत आली. त्या तीन वर्षांबद्दल ती बोलत नाही, आणि कोणी विचारलंच तर विचारणाऱ्याला पश्चात्ताप होतो.

दुकानात तिची पद्धत साधी होती. लॅपटॉप दाखवायच्या आधी ती विचारायची, "काय करणार आहात त्याच्यावर?" लोकांना या प्रश्नाचा राग यायचा. त्यांना वाटायचं, बाई आपली ऐपत काढतेय. पण ती सोडायची नाही. मेल, सरकारी फॉर्म, मुलांचा अभ्यास, पिक्चर एवढंच असेल तर साधा आय-थ्री नाहीतर आय-फाइव्ह भरपूर झाला, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी यू असलेला. कमी वीज खातो, तापत नाही, बॅटरी टिकते. उगाच भारी घेतलात तर पंख्याचा आवाज आणि चार्जरचं ओझं, दुसरं काही मिळणार नाही. गेम खेळायचा असेल तर आधी बघा वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का. मग नावाच्या शेवटी एच आहे का ते बघा, तो जास्त ताकदीचा. पाच की सात, ते त्याच्यानंतर. "पुढचा आकडा दुकानदारासाठी असतो," ती म्हणायची. "तुमच्या कामाचं ते शेवटचं अक्षर."

ज्यांनी ऐकलं ते परत आले, भावाला-मेहुण्याला घेऊन आले. पण ऐकणारे थोडे.

मे महिन्यात दीपकशेठनी एका डीलरकडून चाळीस लॅपटॉप एकगठ्ठा उचलले. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल. पातळ, चंदेरी, आय-सेव्हन, शेवटी यू, ग्राफिक्स कार्ड नाही. मशीन वाईट नव्हतं. ऑफिसच्या कामाला, प्रवासात न्यायला चांगलंच होतं. पण शेठनी त्याच्यावर आग ओकणाऱ्या ड्रॅगनचं चित्र असलेला बोर्ड छापून आणला: आय-सेव्हन गेमिंग लॅपटॉप.

"शेठ, हा गेमिंगचा नाही," अनुजा म्हणाली.

"गेम चालतो ना?"

"पत्त्यांचा चालतो."

"मग झालं तर."

तिने बोर्ड काढून काउंटरखाली ठेवला. संध्याकाळी तो परत वर होता. तिने पुन्हा काढला, शेठनी पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी शेठ तिला म्हणाले, "तू आता ऍक्सेसरीज बघ. लॅपटॉप वैभव बघेल." बारा वर्षांनी अनुजा कव्हर, माऊस आणि पेनड्राइव्हच्या काउंटरला आली. गिऱ्हाईकं पहिल्यापासून जे समजत होती, ते शेवटी शेठनी खरं करून दाखवलं.

ती गप्प राहिली. आई आजारी होती, घरात एकटीचा पगार होता, आणि दुसरी नोकरी शोधायची म्हणजे सदतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून कोणाला तरी पटवायचं की मला प्रोसेसरमधलं कळतं. ड्रॅगनच्या बोर्डाखालून लॅपटॉप जात राहिले. ती माऊस पॅक करत राहिली आणि त्या दिशेला बघायचं टाळत राहिली.

जुलैतल्या एका गुरुवारी तिची सुट्टी असताना रामजी जाधव दुकानात आले. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत सुपरवायझर, वरळीच्या बीडीडी चाळीतून नुकतेच नव्या इमारतीत राहायला गेलेले. मुलगी आकांक्षा एकोणीस वर्षांची, कॉलेजात. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून ऑनलाइन गेम खेळायच्या, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या टीमला एका स्पर्धेत जागा मिळाली होती. आतापर्यंत आकांक्षा मैत्रिणीच्या मशीनवर खेळत होती. रामजींनी लॅपटॉप घेऊन द्यायचं कबूल केलं. तिने वहीतला कागद फाडून त्यावर लिहून दिलं: आय-फाइव्ह चालेल, पण शेवटी एच पाहिजे. ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे. रॅम सोळा.

रामजींनी तो कागद वैभवपुढे ठेवला. वैभव वाचून हसला.

"काका, पोरीने पाच लिहिलाय. मी तुम्हाला सात देतो. सांगा बरं, पाच मोठा की सात?"

रामजींना हे पटलं. पोरीने मागितलं त्याच्यापेक्षा मोठं नेऊ, खूश होईल. कागदावरच्या मशीनपेक्षा हे महागही होतं, म्हणजे चांगलं असणारच. ड्रॅगनच्या बोर्डाशेजारी उभं राहून त्यांनी वैभवकडून फोटोही काढून घेतला.

घरी आकांक्षाने खोका उघडला, मागचं लेबल वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हा तो नाही."

रामजींना ते फार लागलं. आपण मोठं आणलं आणि हिला कौतुक नाही. तिने गेम लावून दाखवला, चित्र अडकत होतं. "तुला खेळता येत नाही म्हणून मशीनला नावं ठेवतेस," ते म्हणाले. "अजून महागातलं पाहिजे असेल तर तसं सांग, खोटं बोलू नकोस." शुक्रवारभर घरात कोणी कोणाशी बोललं नाही. शनिवारी रामजी लॅपटॉप आणि मुलगी दोघांना घेऊन दुकानात आले. मशीन बदलायला नव्हे. दुकानातल्या माणसाने हिला चार शब्द सुनवावेत म्हणून.

शनिवारची दुपार, दुकान भरलेलं. अनुजा एका बाईला हेडफोन दाखवत होती.

"साहेब, हिला जरा समजवा," रामजी वैभवला म्हणाले. "म्हणते हा गेमिंगचा नाही."

"बेटा, सेटिंग लो कर," वैभव म्हणाला.

"लोवरच आहे. चोवीस-पंचवीस फ्रेम येतात."

"मग नेट स्लो असेल तुमचं."

"नेटचा काय संबंध? ट्रेनिंगच्या मॅपवरपण अडकतं, ऑफलाइन."

"काका, आजकालच्या मुलांना ना..." वैभव हसून रामजींकडे वळला आणि रामजीही हसले. पोरीचं तोंड उतरलं. तिने वहीचा तो कागद पिशवीतून काढला होता, तो तिच्या मुठीत चुरगळायला लागला.

अनुजाने हेडफोन त्या बाईच्या हातात दिले आणि ती काउंटरच्या बाहेर आली.

"दाखव," तिने कागद मागितला. वाचला. "हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"बरोबर लिहिलंयस. एक अक्षर चुकीचं नाही." मग ती वैभवकडे वळली. "हा कागद तू वाचला होतास?"

"ताई, तुम्ही तुमचा काउंटर बघा ना."

"वाचला होतास की नाही?"

वैभव काउंटरवरची वायर गुंडाळायला लागला. अनुजाने रामजींच्या हातातला लॅपटॉप घेतला आणि काउंटरवर उघडला. शेजारी मांडलेला काळा आय-फाइव्ह ओढून आणला, शेवटी एचवाला, ग्राफिक्स कार्डवाला. दाखवायचं मशीन म्हणून त्यात तोच गेम आधीपासून होता. दोन्हीवर एकच मॅप लावला, सेटिंग सारखं ठेवलं, कोपऱ्यात फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात तो, चालू केला.

"काका, इकडे या. हा तुमचा सात. हा तिने लिहिलेला पाच. नुसतं बघा."

डावीकडे गेममधला माणूस धावताना मध्ये-मध्ये थिजत होता. आकडा तेवीस, सव्वीस, एकोणीस. उजवीकडे आकडा शंभराच्या वर. "खेळ," अनुजा आकांक्षाला म्हणाली. आकांक्षा बसली आणि खेळायला लागली. तिची बोटं की-बोर्डवर अशी चालत होती की हेडफोनवाली बाईसुद्धा पुढे येऊन बघायला लागली. रामजींनी आपल्या मुलीला खेळताना आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. ते तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

मग त्यांनी मान वळवली आणि वैभवला विचारलं, "साहेब, हे खरं आहे का?"

अनुजाचं डोकं फिरलं.

"त्याला काय विचारता?" ती ओरडली. "पोरीने कागदावर लिहून दिलं, तिचं ऐकलं नाही. मी डोळ्यांसमोर चालवून दाखवलं, माझं ऐकत नाही. आणि ज्याने गळ्यात मारलं त्याला विचारताय, खरं का? घरात पोरीला खोटारडी म्हणाला असाल ना? या डबड्याच्या जोरावर?"

केबिनचं दार उघडलं आणि दीपकशेठ बाहेर आले.

"अनुजा, आत ये."

"तुम्हीच बाहेर आलात ते बरं झालं. हे मशीन बदलून द्या."

"खोका उघडलेला माल परत होत नाही. वर पाटीवर लिहिलंय. आणि खोटं काय दिलं? आय-सेव्हन सांगितला, आय-सेव्हन दिला."

"सात, सात काय लावलंय? माझ्या चपलेचा नंबरपण सात आहे, गेम खेळता तिच्यावर?" कोणीतरी फिसकन हसलं. अनुजा हसली नाही. तिने रामजींकडून बिल घेतलं आणि उंच धरलं. "आय-सेव्हन नुसता लिहिला असता तर मी गप्प बसले असते. इथे लिहिलंय गेमिंग लॅपटॉप. तुमच्या दुकानाचा शिक्का आहे. गेमिंगचा आहे ना? मग बसा शेठ, सगळ्यांसमोर खेळून दाखवा."

"मीपण हाच घेतलाय गेल्या आठवड्यात," मागून एक माणूस म्हणाला. "मुलासाठी."

दोन-तीन जणांनी फोन वर धरले. दीपकशेठनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज एकदम मऊ झाला. "अरे, गिऱ्हाईकाला पाहिजे तर देऊ ना बदलून. भांडायचं कशाला?" त्यांनी स्वतः काळा आय-फाइव्ह पॅक करायला सांगितला आणि किमतीतला फरकही तिथल्या तिथे परत केला.

निघताना रामजी अनुजापाशी थांबले. तिला वाटलं, आता हा माणूस निदान एक शब्द बोलेल.

"तुम्ही हे आधीच सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"गुरुवारी मी सुट्टीवर होते. आणि असते तरी तुम्ही मला विचारलं असतंत?"

रामजी खोका उचलून दाराकडे वळले. आकांक्षाने मात्र तिचा नंबर मागून घेतला.

केबिनमध्ये शेठ एवढंच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

"सोमवारपर्यंत कोण थांबतंय?"

दारात वैभव उभा होता. "ताई, मलापण टार्गेट आहे हो," तो हळूच म्हणाला.

"मलापण होतं," अनुजा म्हणाली. "बारा वर्षं." आणि पायऱ्या उतरली.

दादरहून लालबागपर्यंत ती चालत गेली. शेठ, वैभव, रामजी, तिघांनाही तिने मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. हिंदमाताजवळ आल्यावर त्या संपल्या. उरलेला राग कोणावर आहे ते तिला तिथे कळलं. दोन महिने तिच्या डोळ्यांसमोर ते लॅपटॉप गेले होते. कॉलेजच्या पोरांना, कोणाच्या तरी आई-बापांना. ती माऊस पॅक करत उभी होती. आज गर्दीत मागून बोललेल्या त्या माणसालाही तिने पाहिलं होतं, मुलासाठी घेताना. त्याला बॅग तिनेच विकली होती.

घरी आई, सुभद्रा, पलंगावर बसून भाजी निवडत होती.

"आज लवकर इलंस?"

"काढलं मला."

सुभद्राने देठ मोडायचे थांबवले नाहीत. "बरा झाला. रोज येवन माझ्यावर वराडत होतंस, ता तरी बंद होयत."

ते काही बंद झालं नाही. पुढचा महिनाभर अनुजा दुकानं धुंडाळत होती आणि घरी येऊन ओरडत होती. एका मोठ्या शोरूममध्ये मुलाखत घेणाऱ्या पोराने तिला विचारलं, "मॅडम, होम अप्लायन्सेसमध्ये कराल का? मिक्सर वगैरे?" ती उठून आली. शेवटी गिरगावात हेन्री परेरा नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या रिपेरिंगच्या दुकानात ती गेली. त्यांनी तिचं शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. एक मेलेला लॅपटॉप पुढे सरकवला आणि विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर तुझा आणलास की माझा देऊ?" तिने पिशवीतून स्वतःचा काढला. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे. हेन्री अंकलशी तिची रोज भांडणं होतात, पण ती सोल्डरिंगवरून होतात.

दादरच्या दुकानात ड्रॅगनचा बोर्ड अजून आहे. चाळीसातले बरेच गेले म्हणे, आणि वैभव आता फ्लोअर मॅनेजर झाला. दुकानातलं भांडण कोणीतरी फोनवर टाकलं होतं, ते दोन दिवस फिरलं. त्याखाली लोकांनी लिहिलं, बाई किती उद्धट आहे. बोर्डाबद्दल कोणी लिहिलं नाही. ते वाचून अनुजाने फोन पलंगावर आपटला होता.

एक फोन मात्र आला. रामजींचा. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "आमच्या वखारीत एकाला घ्यायचाय लॅपटॉप. कुठला घेऊ?"

तिला फोन ठेवून द्यावासा वाटला.

"काय करणार आहे तो त्याच्यावर?" तिने विचारलं.

"बिलं टाइप करणार. आणि भजनं ऐकणार."

"साधा आय-थ्री घ्या. शेवटी यू बघा. कोणी सात दाखवला तर सरळ बाहेर पडा."

"बरं," रामजी म्हणाले. पेन शोधत पुढे म्हणाले, "कागदावर लिहून घेतो."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आकांक्षाच्या टीमची स्पर्धा होती. अनुजा आईच्या पलंगाशी बसून मोबाइलवर बघत होती. पहिली फेरी पोरींनी जिंकली. दुसरीत शेवटच्या मिनिटाला आकांक्षा एका भिंतीआड दबा धरून बसली, उजवीकडे बघायला विसरली आणि मारली गेली. टीम बाहेर.

अनुजाने दहा मिनिटंसुद्धा थांबायचं नाव घेतलं नाही. सरळ फोन लावला.

"उजवीकडे कोण बघणार होतं ग?" ती इतक्या जोरात ओरडली की सुभद्रा दचकून उठली. "मशीन शंभर फ्रेम देतंय, नेट बरोबर आहे, आणि तू भिंतीला चिकटून झोपलीस? कोणी शिकवलं तुला असं बसायला?"

पलीकडून आकांक्षाही तितक्याच जोरात ओरडली, "ताई, मागून आवाज आला होता म्हणून मी तिकडे वळले! तुम्ही काय नुसतं बघत होता, तुम्हाला काय ऐकू येणार?"

दोघी पाऊण तास भांडत राहिल्या.